वस्तीचा रस्ता कोणत्या वहीत?

गावातला रस्ता कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न वरवर पाहता इंजिनिअरांचा आणि तलाठ्यांचा आहे. साहित्याला आणि समाजचिंतनाला वाहिलेल्या अंकात त्याची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. त्यावर माझे म्हणणे असे की, ज्या गोष्टींनी आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले त्या सगळ्याच काही पोथीत लिहिलेल्या नव्हत्या. काही तलाठ्याच्या दप्तरात होत्या, काही बांधकाम खात्याच्या नकाशात होत्या, आणि तिथे त्या आजही आहेत. पोथीवर आपण पुष्कळ लिहिले, बोललो, ती जाळलीही. दप्तर मात्र आपण फारसे उघडून पाहिलेले नाही.

प्रथम सरकारी रस्त्यांची उतरंड समजून घेऊ. उतरंड हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. १९२७ साली, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्याच वर्षी, ब्रिटिश सरकारने बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकासाची समिती नेमली. रस्त्यांचा भार एकट्या प्रांतिक सरकारांना आणि लोकल बोर्डांना पेलण्यासारखा नाही, असे तिने सांगितले. पुढे १९४३ साली देशातले मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि त्यांनी वीस वर्षांची जी योजना आखली तीत रस्त्यांचे पाच वर्ग ठरले. वरती राष्ट्रीय महामार्ग, त्याखाली प्रांतांचे म्हणजे आजचे राज्यमार्ग, मग प्रमुख जिल्हा मार्ग, मग इतर जिल्हा मार्ग आणि सर्वांत तळाशी ग्रामीण मार्ग. देश स्वतंत्र झाला, प्रांत गेले, महाराष्ट्र झाला, पण ही पाच थरांची मांडणी हलली नाही.

थर बदलला की मालक बदलतो. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या, तेव्हापासून इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावठाणाच्या आतल्या गल्ल्या ग्रामपंचायतीकडे. प्रत्येक जिल्ह्याच्या रस्तेविकास आराखड्यात रस्त्याला क्रमांक मिळतो, प्र.जि.मा. अमुक, इ.जि.मा. अमुक, ग्रा.मा. अमुक. महाराष्ट्रात असे आराखडे १९६१ ते ८१, १९८१ ते २००१ आणि २००१ ते २१ असे वीस-वीस वर्षांचे झाले. आराखड्यात ज्याला क्रमांक नाही त्या रस्त्याला 'योजनाबाह्य' म्हणतात. मनुष्य जसा जातिबाह्य होतो तसा रस्ता योजनाबाह्य होतो, आणि त्याचे पुढचे आयुष्यही साधारण तसेच जाते.

कारण पैसा क्रमांकामागून येतो. जिल्हा परिषदेत जाऊन बसलात तर 'तीस चोपन्न', 'पन्नास चोपन्न', 'पंचवीस पंधरा' असे आकडे कानावर पडतील. ही लेखाशीर्षे आहेत. पहिल्यातून रस्त्यांची दुरुस्ती होते, दुसऱ्यातून नवे काम होते, तिसऱ्यातून आमदारांनी सुचवलेली गावातली कामे होतात. योजनाबाह्य रस्त्याला पहिल्या दोहोंत उभे राहायला जागा नाही. तिसऱ्यासाठी आमदारापर्यंत पोहोचणारा माणूस लागतो. ज्याच्यापाशी तो आहे त्याचा ग्रामीण मार्ग बघता बघता इतर जिल्हा मार्ग होतो आणि इतर जिल्हा मार्ग प्रमुख होतो. याला 'दर्जोन्नती' असा भारदस्त शब्द आहे. ऊस कारखान्याकडे जाणाऱ्या वाटांची दर्जोन्नती किती लवकर होते, हे वाचकांनी आपापल्या तालुक्यात पाहावे.

आता तळाच्या थराची व्याख्या पाहा. गावाला गावाशी, किंवा गावाला वरच्या वर्गाच्या रस्त्याशी जोडतो तो ग्रामीण मार्ग. व्याख्या साधी आहे आणि फसवीही आहे, कारण तिच्यात 'गाव' हा शब्द आहे. गाव म्हणजे काय? महसुली हिशेबात आपली वस्ती गावातच मोजली जाते. तेव्हा चावडीपासून वस्तीपर्यंतची वाट दोन गावांना जोडत नाही. म्हणून ती ग्रामीण मार्ग नव्हे. ग्रामपंचायतीकडे गेले तर ती म्हणते, ही वाट गावठाणाच्या बाहेरून, खाजगी गटातून जाते. म्हणून ती गल्ली नव्हे. वस्ती मोजायच्या वेळी गावात असते आणि रस्ता द्यायच्या वेळी गावाबाहेर. बाबासाहेबांनी भारतातल्या खेड्याचे जे वर्णन केले आहे, त्यात एक गाव आणि त्याला चिकटलेली पण त्यात नसलेली वस्ती अशी दोन अंगे त्यांनी दाखवली. बांधकाम खात्याने ती दोन अंगे एक धरली आणि मधला रस्ता अनावश्यक ठरवला.

यावर कोणी प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचे उदाहरण देईल. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या या योजनेने एक चांगली गोष्ट केली. महसुली गाव सोडून तिने 'वस्ती' हा घटक धरला. सपाट मुलखात पाचशे लोकसंख्येच्या, आणि डोंगरी व आदिवासी भागात अडीचशे लोकसंख्येच्या, न जोडलेल्या वस्तीला बारमाही रस्ता द्यायचा असे ठरले. पण तिच्या नियमांत दोन कलमे अशी होती की ती शेजारी शेजारी ठेवून वाचली म्हणजे आपल्याला आपले घर दिसते. पहिले असे की, पाचशे मीटरच्या परिघातल्या सगळ्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. दुसरे असे की, सपाट भागात बारमाही रस्त्यापासून किंवा जोडलेल्या वस्तीपासून जी पाचशे मीटर किंवा त्याहून दूर आहे तीच 'न जोडलेली'. आपल्या वस्त्या गावापासून किती लांब असतात? हाकेच्या अंतरावर. गावाला हाक मारता आली पाहिजे आणि सावली मात्र पडता कामा नये, एवढ्याच अंतरावर त्या वसवलेल्या आहेत. म्हणजे रस्ता मंजूर करून घ्यायला आपली डोकी जमेस धरायची, आणि रस्ता गावाच्या वेशीत आला की आपण 'जोडले गेलो' असे समजायचे. हे कोणी दुष्ट हेतूने लिहिले असेल असे मी म्हणत नाही. दुष्ट हेतूची इथे गरजच पडलेली नाही.

आतापर्यंत मालकी म्हणजे देखभालीची जबाबदारी, एवढ्याच अर्थाने बोललो. मालकीचा दुसरा अर्थ आहे तो खालच्या जमिनीचा. डांबर एकाचे आणि जमीन दुसऱ्याची असे होऊ शकते, आणि खेड्यात ते सर्रास होते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या विसाव्या कलमाने सगळे सार्वजनिक रस्ते, बोळ आणि वाटा, त्या दुसऱ्या कोणाच्या मालकीच्या नसतील तर, राज्य सरकारच्या मालकीच्या ठरवल्या. ग्रामपंचायत कायद्याच्या एक्कावन्नाव्या कलमाने सरकार त्यांतले काही पंचायतीकडे निहित करू शकते. पण वाट सार्वजनिक आहे हे ओळखायचे कशावरून? तर गावनकाशावरून. नकाशात गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने दाखवतात आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने. ज्या जमिनीतून ती जाते तिच्या सातबारावर तेवढे क्षेत्र 'पोटखराब ब' म्हणून वेगळे काढलेले असते आणि त्यावर आकार बसत नाही. या दोन खुणा असल्या की पुष्कळसे भांडण मिटते. या दोन्ही खुणा नसल्या की शेतकरी म्हणतो, माझी जमीन, आणि कागद त्याच्या बाजूने बोलतो.

हे नकाशे मुळात झाले ते इंग्रजांच्या मोजणीत. मुंबई इलाख्यात त्या पद्धतीची सुरुवात १८३६ साली इंदापुरापासून झाली. मोजणीदार गावात आला की त्याच्यापुढे चालायचा तो महार. शीव कुठे वळते, कोणता दगड कोणत्या गावाचा, पाणंद कुठून फुटते, हे त्यालाच ठाऊक. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष अखेरची मानीत. परमुलखातल्या वाटसरूला पुढच्या गावापर्यंत पोहोचवणे हेही त्याचेच काम. ज्याच्या पायांनी गावाचा नकाशा तयार झाला त्याच्या घराची वाट त्या नकाशात पुष्कळदा नाही. कारण सरळ आहे. गाडीवाट गाडीवाल्याची असते, आणि महारवाड्यात गाड्या नव्हत्या. पुढे १९४७ च्या कायद्याखाली जमिनींचे एकत्रीकरण झाले, सर्व्हे नंबरांचे गट झाले, तेव्हा जुन्या नकाशातल्या काही एकेरी रेषाही नव्या नकाशात उतरल्या नाहीत.

आमच्या वस्तीचे उदाहरण सांगतो. ते काही विशेष नाही, म्हणूनच सांगतो. दुष्काळी पट्ट्यातले गाव. गावात येणारा रस्ता डांबरी, त्याला ग्रा.मा. क्रमांक आहे. १९७२ च्या दुष्काळात या रस्त्यावर खडी फोडायला माझी आजी आणि वस्तीतल्या सगळ्या बाया होत्या. त्या काळात असे कित्येक रस्ते भूसंपादन न करताच झाले. जमीन सातबारावर शेतकऱ्याची राहिली आणि वरून रस्ता गेला. तरी त्यांना क्रमांक मिळाले, पुढे डांबरही मिळाले. आमच्या वस्तीच्या आत सिमेंटचा रस्ता आहे, तो वस्तीविकासाच्या निधीतून झाला. आणि या डांबराच्या व सिमेंटच्या मध्ये जेमतेम साडेतीनशे मीटर माती आहे. एक ओढा आणि दोन गट. पावसाळ्यात १०८ ची गाडी ओढ्याच्या अलीकडे उभी राहते, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर तिथेच थांबतो. गॅसची टाकी डोक्यावरून येते. मयत खांद्यावरून जाते ते ठीक, पण आजारी माणूसही खांद्यावरूनच जातो.

जिल्हा परिषदेच्या बांधकामवाल्यांनी सांगितले, हा रस्ता आमच्या यादीत नाही. ग्रामपंचायतीने सांगितले, तेवीस नंबरला नोंद नाही. ('नमुना २३' ही ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही. काम सुचवायचे म्हटले की आधी तिचा उतारा मागतात.) तहसील कचेरीत सांगितले, नकाशावर वाट नाही, आणि वर विचारले, पुढे तुमची शेती आहे का? हा प्रश्न मला त्या वेळी उपहासाचा वाटला. कायदा वाचल्यावर कळले की कारकुनाने तो अगदी नियमाप्रमाणे विचारला होता.

संहितेचे १४३ वे कलम तहसीलदाराला वाटेचा निवाडा करण्याचा अधिकार देते. पण दावा कोणी करायचा? जमीन धारण करणाऱ्याने, दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतात जाण्यासाठी. तहसीलदाराने पाहायचे ते शेतकऱ्याच्या गरजेकडे. १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा वहिवाटीतला अडथळा दूर करतो, पण तोही शेतीच्या किंवा चराईच्या जमिनीकडे जाणाऱ्या वाटेचा, आणि अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत गेले तर. माणूस आपल्या घराकडे जातो, हे या दोन्ही कायद्यांच्या मनात आलेले दिसत नाही. भूमिहीनाला शेत नाही, म्हणून वाटेचा दावाही नाही. उरतो तो १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा. वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि 'हक्क म्हणून' वाट वापरली असेल तर ती तुमची होते. सगळा घोळ या 'हक्क म्हणून' मध्ये आहे. आमच्या बापजाद्यांनी ती वाट शंभर वर्षे वापरली असेल, पण हक्क म्हणून वापरतो असे म्हणण्याची त्यांची काय बिशाद होती? ओढ्याकाठच्या गटाचा मालक वस्तीतल्या एका म्हाताऱ्याला म्हणाला ते मी स्वतः ऐकले आहे: "जा की रं, तुला कोण आडीवतंय? पर त्येला रस्ता म्हणू नगंस." या एका वाक्यात परवानगी आणि हक्क यांतला फरक त्या माणसाने वकिलापेक्षा स्वच्छ सांगितला. चालण्याला त्याची हरकत नव्हती. रस्ता या शब्दाला हरकत होती, कारण शब्द वहीत जातो.

महाडला नेमके हेच घडले होते, हे आपण वारंवार विसरतो. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले केले, आणि १९२७ साली बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी हाती घेतले. त्यावर सनातन्यांनी शास्त्र काढले, गोमूत्राने तळे शुद्ध केले, हे सर्वांना माहीत आहे. पण कोर्टात जाताना त्यांनी शास्त्राबरोबर मालकी काढली: हे तळे सार्वजनिक नाहीच, आजूबाजूच्या घरमालकांचे खाजगी आहे. ते तळे नगरपालिकेकडे निहित आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळची रूढी शाबीत झालेली नाही, असे हायकोर्टातून ठरून यायला १९३७ साल उजाडले. खाजगी म्हटले की बाहेर ठेवता येते. संविधानाचा पंधरावा अनुच्छेद लिहिला गेला तेव्हा विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीला 'रस्ते' हा शब्द त्यात स्पष्टपणे आला. पण कोणते रस्ते? राज्याच्या पैशाने पूर्णतः वा अंशतः राखलेले, किंवा सर्वसामान्य जनतेच्या वापरासाठी वाहिलेले. म्हणजे संविधानाने दिलेला हक्क आपल्यापर्यंत येतो तो त्या नोंदवहीतून. ॲट्रॉसिटी कायद्यातही सार्वजनिक ठिकाणी जाण्याची रूढ वाट नाकारणे हा गुन्हा आहे, आणि तिथेही पहिला प्रश्न 'वाट होती का' हाच येतो.

तेव्हा मोर्च्याआधी कागद काढावेत, असे माझे मत झाले आहे. मोर्चा नको असे नाही; पण रिकाम्या हाताने गेलेला मोर्चा आश्वासन घेऊन परत येतो. भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा नकाशा मागावाच, पण एकत्रीकरणापूर्वीचा सर्व्हे नंबरांचा जुना नकाशाही मागावा. मिळत नाही म्हणाले तर माहितीच्या अधिकारात मागावा. वाटेतल्या गटांचे जुने सातबारे पाहावेत. पोटखराब ब अचानक कमी झालेला दिसला तर तो फेरफार कधी, कोणत्या आदेशाने झाला ते शोधावे. ग्रामसभेत ठराव करून नमुना २३ मध्ये नोंद घ्यावी. मात्र नोंद झाली म्हणजे जमीन सरकारी झाली असे समजू नये. मालकाने आव्हान दिले तर केवळ तेवढी वही टिकेलच असे नाही. मालक राजी असेल तर स्टँपपेपरवरचे संमतीपत्र घेऊन घरी येऊ नये. संमती मागे घेता येते, मालक मेला की त्याची मुले नाही म्हणतात, आणि मंजूर झालेले काम दुसऱ्या गावाला जाते. स्थावराचे बक्षीसपत्र नोंदणी केल्याशिवाय कायद्याने पुरे होत नाही. तेव्हा ते ग्रामपंचायतीच्या नावे रीतसर नोंदवून, मोजणी करून, सातबारावर उतरवून घ्यावे. हे रटाळ काम आहे. वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी कविता लिहाव्यात, पण एकाने तरी फेरफार वाचायला शिकावे.

२०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत असे ठरले. निर्णय चांगलाच आहे. आईबापांच्या पत्त्यावर शिवी असू नये. पण आमच्याकडे नाव बदलल्याचा कागद तीन महिन्यांत आला आणि रस्त्याचा कागद अजून फिरतोच आहे. नावाला जमीन लागत नाही.

२०२५ साली महसूल खात्याने शेतरस्त्यांकडे लक्ष दिले आहे. शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद असावा, त्याची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत घ्यावी, गावोगावच्या रस्त्यांची यादी करून त्यांना क्रमांक द्यावेत, असे शासन निर्णय निघाले. यादी करताना तलाठी शिवारातून फिरतो. (२०२४ पासून त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे आहे, लोक तलाठीच म्हणतात.) या फिरण्यात वस्तीतले कोणी असत नाही, कारण ते 'शेत'रस्ते आहेत आणि आपल्याला शेत कुठे आहे? पण थोडे खणून पाहिले तर कुठेतरी असते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली तरी हाडकी-हाडोळ्याचे तुकडे काही घरांकडे राहिले. आमच्या वस्तीतल्या दोन घरांची हाडकी ओढ्यापलीकडे, वस्तीच्या मागच्या अंगाला आहे. सव्वा एकर खडक, त्यात कुसळाशिवाय काही उगवत नाही. भोगवटादार वर्ग दोन. आजवर ती कोणाच्या कामाची नव्हती. तिच्याकडे जायची वाट त्याच दोन गटांतून आणि त्याच ओढ्यावरून जाते. त्या दोन घरांच्या नावे आम्ही १४३ खाली अर्ज दिला आहे. अर्जात शेतीची गरज लिहावी लागली, म्हणून मटकी पेरतो असे लिहिले, आणि त्याप्रमाणे यंदा खरोखरच मटकी पेरली. स्थळपाहणीची नोटीस निघाली आहे. पाहणीच्या दिवशी वस्तीतल्या प्रत्येक घरातले एक माणूस रोज बुडवून हजर राहील, असे बैठकीत ठरले आहे. पंचनाम्यावर सह्या कोणी करायच्या त्यांची नावेही लिहून ठेवली आहेत.